पीटीच्या तासाला सजगता: आधी पळवा, मग थांबवा

मॅडम, सजगतेसाठी, म्हणजे आपल्या श्वासाकडं-शरीराकडं शांतपणे लक्ष द्यायला, सहावीची ६० लेकरं डोळे मिटून बसवली की खुसूखुसू हसतात, चिमटे काढतात, असं तुम्ही लिहिलंय. परभणीकडच्या शाळांत मी २१ वर्षं पीटी घेतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आल्या आल्या बसवू नका. वर्गात बसून आंबलेल्या लेकराला पळायचं असतं. मैदानाला दोन फेऱ्या होऊ द्या, मग शिट्टी. एकदम खाली बसवलं तर चक्कर येऊ शकते, म्हणून थोडं चालवा, मग उभ्यानंच तळहात छातीवर. "हाताला काय लागतंय?" एवढंच विचारा. तेव्हा कुणी हसत नाही, हाताखाली खरीच धडधड चालू असते. १५ सेकंद ठोके मोजायचे, चारनं गुणायचं. मग नाकानं श्वास घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, असं दहा वेळा. पुन्हा मोजा. मागच्या आठवड्यात एक पोरगं ओरडतच आलं, "सर, १५ सेकंदांत ४१ चे २९ झाले!" थोडं विसाव्यानं उतरतं, थोडं लांब उच्छ्वासानं, श्वास सोडताना हृदय जरा संथ चालतं. आरोग्याचा धडा तिथंच शिकवून होतो.

हुतूतूतही हेच करता येतं. चढाई करून आलेल्याला विचारा, दम आधी कुठं तुटायला लागला, पोटात की घशात?

डोळे मिटायची सक्ती मात्र नको. एका मुलीला मी दोनदा दरडावलं, तर ती रडायलाच लागली. आईबाप ऊसतोडीला गेलेले. डोळे मिटले की तेच दिसतात, म्हणाली. ते आजही मनाला लागून आहे. तेव्हापासून ज्याला हवं त्यानं समोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याकडं बघावं. लेकरू वारंवार रडत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, श्वासावर भागवू नका. आणि गोंधळ केला म्हणून "श्वास मोजत बस" ही शिक्षा कधीच नको.

पालकांनी "हे कोणत्या धर्माचं?" विचारलं तर खरं सांगा: मूळ बौद्ध साधनेत आहे, पण जॉन कबाट-झिन या संशोधकानं १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ते दवाखान्यात आणलं. आपल्या तासाला मंत्र नाही, पूजा नाही.

मार्चपासून हे सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला घ्या, दुपारी मैदान तापतं. आकडे लेकरांनी आपापल्या वहीत लिहावेत, त्यावर गुण देऊ नका. शर्यत लागली की खोटे आकडे सांगायला लागतात.