पहिल्यांदाच दातांचा ब्रिज बसवताय? एवढं सांभाळा

घाबरू नका, पहिले आठ-दहा दिवस तोंडात काहीतरी परकं आहे असं वाटतंच. माझी जीभ तर सारखी तिथेच जायची!

एका गेलेल्या दाताची जागा भरायला सहसा शेजारचे दोन दात घासून त्यांवर कॅप बसवतात; मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो, हाच ब्रिज. घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून होकार देण्याआधी इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) पर्यायही विचारून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पक्का तयार होईपर्यंत लावलेल्या तात्पुरत्या ब्रिजवर चिकट, कडक खाणं. तो निघून हातात येतो.
- चावताना ब्रिज आधी टेकतो, तरी ‘होईल सवय’ म्हणून गप्प बसणं. मी बसलो, दाढ ठणकायला लागली. डॉक्टरांनी रंगीत कागद चाववून उंच भाग घासला, पाच मिनिटांचं काम.
- खोट्या दाताखालची सफाई टाळणं. ही सगळ्यात महागात पडते. ब्रिज किडत नाही, पण कॅपच्या कडेला खालचा दात किडतो. साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून जात नाही. कडक टोकाचा सुपरफ्लॉस बाजूने ओवून खालून फिरवा, रोज रात्री. सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त आलं तरी सोडू नका; आठवड्याभरात थांबलं नाही तर दाखवा.

बाकी ब्रिज चिकटवायचं सिमेंट, तो बनवायचं झिर्कोनियासारखं मटेरियल वगैरे नंतर बघू.