ग्रुप तुमचा, पण बोलणं कुणाचं?

प्रश्न: वकीलसाहेब, राम राम. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात आमचं गाव. मी एका शेतकरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. सातशेच्या वर माणसं, अकरा अ‍ॅडमिन. यंदा एका सभासदाचं सोयाबीन उगवलं नाही. त्यानं ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, 'निस्ता कचरा भरून इकतो, चोर हाये त्यो,' आणि कृषी सेवा केंद्राच्या मालकाचं नाव घेतलं. मी खाली 'खरंय भाऊ' लिहिलं, अंगठाही दिला. वाद पेटला आणि रात्री दुसऱ्या एकानं त्या मालकाच्या अख्ख्या समाजाबद्दल घाण लिहिलं. मी झोपलो होतो. पहाटे पाहिलं, तो मेसेज डिलीट केला आणि त्याला काढून टाकलं. आता मालकाच्या वकिलाची दहा लाखांची नोटीस आली आहे. पोलीस ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली, तिच्यावर कलम ३५(३) लिहिलंय. मागच्या गणपतीतही पोलिसांनी अ‍ॅडमिन लोकांच्या एका नोटिशीवर सह्या घेतल्या होत्या. ज्याला काढलं तो म्हणतो, बोलणं माझा घटनेतला हक्क आहे, परत घ्या नाहीतर केस करतो. मित्र म्हणतात, ग्रुपच उडवून टाक. काय करू?

उत्तर: राम राम. आधी शेवटचं सांगतो, कारण ते आज रात्रीच करून बसाल. ग्रुप उडवू नका. तुमचा बचाव त्याच ग्रुपमध्ये आहे. तुम्ही झोपला होतात, जाग आल्यावर मेसेज काढला, माणसाला बाहेर केलं, याच्या खुणा तिथं आहेत. ते पुसलं तर राहील फक्त समोरच्यानं जपून ठेवलेला स्क्रीनशॉट. वर 'पुरावा नष्ट केला' हे लचांड गळ्यात पडेल ते वेगळंच. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मीडियासकट. व्हॉइस मेसेज अजून ग्रुपवर असेल तर प्रत ठेवून मगच काढा. आणि ती प्रत कुणालाही पुढं पाठवू नका. बदनामीच्या मजकुरात प्रत्येक फॉरवर्ड ही नवी प्रसिद्धी असते.

आता मूळ भीती. दुसरा बोलला म्हणून अ‍ॅडमिन आत जातो का? नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. ग्रुपमधला एक जण एका महिला सभासदाबद्दल अश्लील बोलला, अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयानं तो रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल तर एकाच्या पोस्टसाठी दुसऱ्याला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, हे कायद्यालाही कळतं. निकाल नागपूरचा असला तरी उच्च न्यायालय एकच, त्यामुळे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढेही तो दाखवता येतो.

पण त्या निकालातली एक गोष्ट वकीलमंडळीही घाईत विसरतात. अ‍ॅडमिनला फक्त माणसं घेण्याचा आणि काढण्याचा मर्यादित अधिकार आहे, हाही न्यायालयाच्या विचारातला एक आधार होता. तेव्हा ते खरंच होतं. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. म्हणजे 'माझ्या हातात काय होतं?' हा प्रश्न विचारताना आता जरा जपून. माझ्या मते यामुळे निकालाचा गाभा हलत नाही, हेतूशिवाय गुन्हा नाहीच. पण मेसेज पाहिला, बटण हाताशी होतं आणि तरी दोन दिवस मजा बघत बसला, अशा अ‍ॅडमिनला तपास अधिकारी आज चार प्रश्न जास्त विचारणार. तुम्ही पहाटे पाहताक्षणी काढला, म्हणून त्या मेसेजपुरते तुम्ही बऱ्या जागी आहात.

तुमची खरी अडचण ते दोन शब्द आहेत. 'खरंय भाऊ.' हे अ‍ॅडमिन बोलला नाही, तुम्ही बोललात. इथं अ‍ॅडमिनचा निकाल कामाचा नाही. नुसत्या अंगठ्याचं मला फार वाटत नाही. मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाचं प्रकरण होतं, तिथं अंगठ्याचा अर्थ 'मेसेज पाहिला' एवढाच होऊ शकतो हे मान्य झालं. पण शब्दांना असा आडोसा नाही. समोरचा वकील म्हणणार, ह्यांनी 'चोर' या आरोपाला दुजोरा दिला.

त्यावर उत्तर आहे, पण ते त्या शेतकऱ्याच्या घरात पडलंय. बदनामीचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. त्याला अपवाद आहेत. खरी गोष्ट लोकांच्या भल्यासाठी सांगितली, किंवा दुसऱ्याला सद्भावनेनं सावध केलं, तर ती बदनामी नव्हे. मात्र कायद्यातली सद्भावना म्हणजे मन साफ असणं नव्हे, पुरेशी काळजी घेऊन बोलणं. 'त्या दुकानातून घेतलेलं सोयाबीन माझ्या वावरात उगवलं नाही' ही तपासता येणारी गोष्ट. 'तो चोर आहे' हा माणसावरचा शिक्का. पहिली सिद्ध करता येते. दुसरी सिद्ध करताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

म्हणून विचारतो, त्या शेतकऱ्याकडे पक्कं बिल आहे का? पिशवी, तिच्यावरचं लेबल, तळाशी उरलेलं मूठभर बियाणं? तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली का? दिली असेल तर तालुका तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. दुकानदार म्हणणारच की ओल पुरेशी नव्हती, पेरणी खोल गेली. आपल्याकडे घाईच्या पेरणीत तसं घडतंही, तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नका. पंचनाम्यात दोष बियाण्याचा निघाला तर शेतकरी जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. शेतकरीही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सांगून टाकलंय. मग दहा लाखांच्या नोटिशीचा सूरही बदलतो.

त्या आकड्यानं झोप घालवू नका. नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. दिवाणी दाव्यात त्यांना नुकसान दाखवावं लागेल, आणि दावा प्रसिद्धीपासून वर्षभरात टाकावा लागतो. तरी उत्तर मुदतीत द्या, वकिलामार्फत द्या. 'खरंय भाऊ' बद्दल माफी मागायची का, हे पंचनामा बघून ठरवा. माझा कल असा की 'चोर' या शब्दापुरता खेद लिहून द्यावा आणि बियाण्याच्या तक्रारीवर ठाम राहावं. यात कमीपणा काही नाही.

पोलिसांची पीडीएफ. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करत नाहीत. म्हणजे ठाण्याचा रोख बहुतेक त्या रात्रीच्या मेसेजवर आहे. समाजासमाजात तेढ लावणारं बोलणं न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये बसतं, ते दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गंमत बघा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण हे वाचून घरी बसू नका. वकिलाला सोबत घ्या, ठाण्यात जा, नोटीस रीतसर कागदावर मागा. तिच्याप्रमाणे हजर राहत गेलात तर अटक करायला अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या. जबाबात आठवत नाही ते 'आठवत नाही' म्हणा. ग्रुपवर नेमकं काय घडलं ते एक्स्पोर्ट केलेली चॅट सांगेल. ती न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील बघतील.

गणपतीतली सही म्हणजे कबुली नव्हे. ती बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, गुन्हा घडू नये म्हणून आधीच दिलेली समज. जुने हवालदार तिला अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून १४९ ची नोटीस म्हणतात. तिचा उपयोग ते एवढाच करतील की तुम्हाला आधी सावध केलं होतं. म्हणून पहाटेची ती डिलीट केल्याची वेळ मोलाची.

काढलेल्या सभासदाचं घटनेचं पालुपद मनावर घेऊ नका. कलम १९ चा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. ग्रुप म्हणजे सरकार नव्हे, तो तुमचा ओटा आहे. ओट्यावर कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त त्याला काढल्यावर त्याच्या नावानं ग्रुपवर टिंगल चालली असेल तर ती थांबवा, नाहीतर उद्या बदनामीची तक्रार घेऊन तो उभा राहील.

नियम विचारले नाहीत तुम्ही, पण लागतील. अकरा अ‍ॅडमिन कशाला हो? लग्नात फेटे बांधावेत तसं ज्याला त्याला अ‍ॅडमिन केलेलं दिसतंय. त्यातल्या एकानं काही टाकलं तर 'अ‍ॅडमिननेच टाकलं' म्हणून बोट सगळ्यांकडे. तिघं ठेवा, त्यातला एक तरी रात्री उशिरापर्यंत जागणारा. ग्रुपच्या माहितीत चार ओळी मराठीत लिहा: दुकानाचं किंवा माणसाचं नाव घेऊन तक्रार करायची तर बिल किंवा तक्रार अर्जाचा फोटो लावा, जात-धर्मावर एक शब्द आला तरी ताकीद न देता बाहेर, बाकी चुकांना एक ताकीद, तीही ग्रुपवर सगळ्यांना दिसेल अशी. रात्री दहा ते सकाळी सहा 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावा. ते हातानंच चालू-बंद करावं लागतं, तेवढी जबाबदारी एकावर टाका. असे नियम लिहिले म्हणून तुम्ही जास्त अडकता, असं काही जण म्हणतील. मला पटत नाही. नियम लिहून ते मोडू दिले तर अडकाल.

वकिलाकडे जाताना नोटिशीचा लिफाफा टाकून देऊ नका, त्यावरची तारीख लागते. आणि त्या शेतकऱ्याला सोबत घ्या. पिशवी त्याच्या घरात असेल तर लेबलचा फोटो आजच काढून ठेवायला सांगा. पावसाळ्यात उंदरं पहिलं लेबलच कुरतडतात.