वेस्पला राहायला जावं का? माझं उत्तर : हो, पण गाव समजून घेऊन

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ॲमस्टलवेनचं (ॲमस्टरडॅमला लागूनचं, भारतीय कुटुंबं बरीच असलेलं गाव) भाडं झेपत नाही, नोकरी ॲमस्टरडॅम झाउडला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात आहे, नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच असलेल्या वेस्पमध्ये बऱ्यापैकी घर मिळतंय, पण ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की ते ‘फक्त झोपायला घरी येणाऱ्यांचं गाव’ आहे. मुलांना घेऊन तिथे जावं का, हा प्रश्न. मी बरीच वर्षं वेस्पमध्ये राहते आहे आणि हे वर्णन मला अजिबात पटत नाही.

गाडीचं आधी सांगते, कारण तुमची पहिली काळजी तीच असणार. झाउडला थेट गाडी आहे, पंधरा-वीस मिनिटांत पोचता. हिल्व्हरसमकडून येणारी आणि आल्मेरेकडून येणारी अशा दोन्ही लाइनी वेस्पला मिळतात, म्हणून एवढ्याशा गावाच्या मानाने गाड्या भरपूर. तोटाही त्यातच आहे. आसपास कुठेही बिघाड झाला की त्याचा ताप वेस्पच्या फलाटावर जाणवतोच. घर रुळांजवळ असेल तर रात्री मालगाडीचा आवाज येतो का, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या.

आता त्या ‘झोपायच्या गावा’बद्दल. वेस्पला शहराचे हक्क मिळाले 1355 साली. ॲमस्टरडॅमशी त्याचं नातं रेल्वेच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते पाण्याचं आहे. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचं पाणी मचूळ आणि घाण. त्याची बिअर होत नसे. म्हणून तिथले बिअरवाले वेस्पजवळ फेख्त नदीचं गोडं पाणी होड्यांत भरून नेत. हिवाळ्यात पाणी गोठलं की बर्फ फोडणारी होडी पुढे, ती ओढायला काठावरून घोडे, आणि मागे पाण्याच्या होड्यांची रांग. ॲमस्टरडॅममध्ये आमस्टेल नदीच्या काठी ‘आइसब्रेकर’ नावाचं जुनं कॅफे आहे, त्याचं नाव त्या होडीवरून पडलंय. 1853 मध्ये हार्लेमकडच्या वाळूच्या टेकड्यांमधून नळाचं पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे हे थांबलं.

गाव स्वतःही कामसू होतं. बिअर आणि यनेव्हर दारू इथे बनायची. हॉलंडमधला पहिला पोर्सेलीनचा कारखाना 1759 मध्ये इथेच एका सरदाराने काढला. तो फार वर्षं चालला नाही, पण ती भांडी आज संग्रहालयांत जपलेली आहेत. 1850 मध्ये फान हाउटन यांचा कोकोचा कारखाना आला. कोकोच्या बियांमधली चरबी दाबून काढायचं यंत्र याच घराण्याचं, त्याचं पेटंट 1828 चं. दुधात सहज मिसळणारी कोको पावडर आज आपण वापरतो, तिची सुरुवात त्यातून झाली. रेल्वे आली 1874 मध्ये, म्हणजे कारखान्यानंतर. रोज बाहेर कामाला जाणारी माणसं हा या गावाचा अगदी अलीकडचा अध्याय आहे.

तुम्ही घर बघायला याल तेव्हा आणखी एक गोष्ट जाणवेल : एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत असूनही गावाबाहेर पडलं की लगेच मोकळी कुरणं. यामागे लष्कर आहे. शत्रू आला की सखल जमिनीत गुडघाभर पाणी सोडायचं, चालायला खोल आणि होडीला उथळ. 1672 मध्ये फ्रेंच फौजा याच पाण्यापुढे अडल्या आणि वेस्प त्या संरक्षणरेषेवरचं ठाणं होतं. पुढे 1853 च्या कायद्याने किल्ल्यांभोवतीच्या बांधकामावर निर्बंध आले. अगदी जवळच्या तीनशे मीटरच्या पट्ट्यात घर बांधायचं तर लाकडाचं, म्हणजे युद्धात चटकन जाळून तोफांसमोरची जागा मोकळी करता येईल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही बंधनं होती. नदीकाठचा 1861 चा गोल बुरुजाचा किल्ला जरूर बघा. ही सगळी रेषा आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

रोजचं जगणं? सगळं सायकलवर होतं. शाळा, डॉक्टर, पोहण्याचा क्लास, वाचनालय, काहीच लांब नाही. उन्हाळ्यात नदीवरचा पूल होड्यांसाठी उघडतो, तेव्हा सगळे सायकली टेकवून थांबतात. माझं निम्म्या गावाशी बोलणं तिथेच सुरू झालं. डच थोडं तरी शिका, निदान दुकानात आणि शाळेच्या दारात बोलता येईल इतकं. ॲमस्टलवेनमध्ये त्यावाचून निभतं, इथे माणसं दुरावतात. भाजीची चिंता नको : झाउडओस्टच्या, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या आग्नेय भागातल्या सुरिनामी दुकानांत कारली, चवळीच्या शेंगा, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. गणपतीला आणि दिवाळीला मात्र ॲमस्टलवेन गाठावं लागेल.

24 मार्च 2022 पासून वेस्प ॲमस्टरडॅम नगरपालिकेत आहे. छोट्या नगरपालिकेला एकटीने कारभार झेपेना, म्हणून 2018 मध्ये लोकांना विचारलं, शेजारच्या खोइसे मेरेनमध्ये जायचं की ॲमस्टरडॅममध्ये? कौल ॲमस्टरडॅमला मिळाला. जुन्या लोकांना गाव हरवेल अशी धास्ती वाटते, आणि ती मला खरी वाटते. उत्तरेकडच्या पोल्डरमध्ये (बांध घालून, पाणी उपसून कोरड्या ठेवलेल्या सखल जमिनीत) नवी वस्ती झपाट्याने वाढते आहे. त्या नव्या वस्तीत घर घेतलंत तर स्टेशन आणि जुनं गाव सायकलने किती लांब पडतं ते स्वतः जाऊन बघा. तिथली घरं चांगली आहेत, पण मुलं लहान असताना मी जुन्या गावाच्या जवळचंच, थोडं लहान घर निवडेन.

आणि घर बघायला रविवारी येऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या आधी या, झाउडची गाडी पकडून बघा, मग परत येऊन गावात चक्कर मारा. त्या दिवशी मी घरी असले तर चहाला या, व्यक्तिगत निरोप टाका.