अँटोनियोला रडवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि अकरा वर्षांपूर्वीची आमची तालमीची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट' मराठीत बसवताय, चार अंक उभे राहिलेत, पण पाचव्यात नायक प्रॉस्पेरो आपलं राज्य लुबाडणाऱ्या भावाला, अँटोनियोला धरून सगळ्यांना माफ करतो तिथे सगळे नट अवघडून उभे राहतात. अँटोनियो करणारा मुलगा रोज विचारतो, "सर, मी इथे काय करू? मला वाक्यच नाही." तेव्हा त्याला पश्चात्तापाची दोन-चार वाक्यं लिहून द्यावीत का, असा तुमचा प्रश्न आहे.

देऊ नका. मी दिली होती.

आधीच सांगतो, मी इंग्रजीचा प्राध्यापक वगैरे नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी नाटकं करणारा हौशी माणूस. तेव्हा हे सगळं 'आमच्याकडे असं झालं' एवढ्यापुरतंच घ्या. कथानक तुम्हाला ठाऊकच आहे, तरी दोन ओळी: मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो याचं राज्य अँटोनियोने नेपल्सचा राजा अलोन्सो याच्या मदतीने लुबाडलं, बारा वर्षं तो मुलगी मिरांडाबरोबर एका बेटावर आहे, आणि आता जादूने वादळ आणून या शत्रूंना तिथे ओढतो.

आमचं घोडं अडलं ते एका कार्यालयात. कुठलं ते विचारू नका. प्रयोगाआधी संहितेच्या प्रती तिथे द्यायच्या होत्या. तिसऱ्या खेपेला टेबलापलीकडच्या गृहस्थांनी शेवटची चार पानं चाळली आणि म्हणाले, "भावाचं राज्य लुबाडलं, लहान पोरीसकट समुद्रात सोडून दिलं, आणि शेवटी ना शिक्षा ना पश्चात्ताप? हे कसं चालेल? जरा बघा." बस, "जरा बघा." लेखी काही नाही, शेरा नाही, सही नाही. मी मात्र घरी येऊन रात्री बारापर्यंत जागून अँटोनियोला दीड पानाचं स्वगत लिहिलं. नंतर कळलं की असा आक्षेप कुठे नोंदलेलाच नव्हता. त्यांना सहज वाटलं म्हणून ते बोलले होते. त्यांच्या 'सहज'पायी माझ्या नाटकाचा कणा मोडला. (एक उपदेश लगेच: कुठल्याही कार्यालयात कोणी तोंडी काही सुचवलं तर नम्रपणे म्हणायचं, "साहेब, तेवढं लेखी द्या." दहांपैकी नऊ वेळा विषय तिथेच संपतो.)

आता त्या स्वगताचं काय झालं ते सांगतो. अँटोनियो गुडघ्यावर बसतो, "दादा, मी चुकलो" म्हणतो, पाय धरतो. प्रॉस्पेरो त्याला उठवून मिठी मारतो, मागे सनई. हो, सनई! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथेच माणूस फसतो. टाळ्या मिळाल्या की आपण बरोबर होतो असं वाटतं. प्रयोगानंतर एक वयस्कर बाई आत आल्या, सगळ्यांचं कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाल्या, "एवढं सगळं झाल्यावर तो रडणारच होता, तर मग इतकी जादू कशाला केली? चार दिवस समोर बसवून समजावलं असतं तरी रडला असता की." मी हसून वेळ मारून नेली. पण त्यानंतर अँटोनियो करणारा आमचा मित्र मेकअप पुसता पुसता बोलला, "मग मी दुसऱ्या अंकात जे केलं ते कोण होतं?"

तिथून मी पुन्हा मूळ नाटक घेऊन बसलो. आधी बसायला हवं होतं.

दुसऱ्या अंकात काय होतं बघा. बारा वर्षं झालीत. वादळातून जिवंत निघालेला हा माणूस बेटावर पाऊल ठेवून काही तास झालेत, आणि तो सेबॅस्टियनला सांगतोय की तुझा भाऊ अलोन्सो झोपलाय, त्याला मारू आणि तू नेपल्सचा राजा हो. सेबॅस्टियन विचारतो, आणि तुझ्या सदसद्विवेकाचं काय? तर हा म्हणतो, तो असतो कुठे? टाचेला फोड आला असता तर निदान सपाता तरी घातल्या असत्या. छातीत मला हा देव काही जाणवत नाही. असा माणूस तीन तासांत पायावर लोळण घेईल? नाटकाची घडी दुपारी दोनच्या पुढे सुरू होऊन सहापर्यंत संपते, ते प्रॉस्पेरो स्वतःच एरियलला, त्याच्या हुकमातल्या आत्म्याला, सांगतो. बारा वर्षांत जे झालं नाही ते चहाच्या वेळेपर्यंत कसं होणार?

पश्चात्ताप होतो तो अलोन्सोला. त्याचा मुलगा फर्डिनंड बुडाला असं त्याला वाटतंय, तो आतून मोडलाय, आणि तो न मागता राज्य परत देतो आणि क्षमा मागतो. त्याच्या शेजारी अँटोनियो गप्प उभा असतो, म्हणूनच अलोन्सोची क्षमायाचना दिसते. दोघंही रडले तर दोघांचंही वाया. आमच्या प्रयोगात अलोन्सोचं वाक्य कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आता प्रॉस्पेरोचे शब्द नीट वाचा. आधी तो अँटोनियो आणि सेबॅस्टियन या जोडीला बाजूला घेऊन सांगतो की मनात आणलं तर राजाचा कोप आत्ता तुमच्यावर ओढवेन, तुम्ही गद्दार आहात हे सिद्ध करेन, पण सध्या काही बोलत नाही. 'सध्या'! मग अँटोनियोकडे वळून म्हणतो, तुला भाऊ म्हटलं तर माझं तोंड विटाळेल, तुझे सगळे गुन्हे माफ करतो, आणि माझं राज्य मागतो, जे तुला द्यावंच लागेल. एकाच दमात. गावाकडे ज्यांनी भावाभावांच्या वाटण्या बघितल्यात त्यांना हा सूर लगेच ओळखू येईल. "झालं गेलं विसरलो, आता सातबाऱ्यावर सही कर." मी वेळ कमी करायच्या नादात ते बाजूला घेऊन बोलणं कापलं होतं आणि 'विटाळेल'च्या जागी 'प्रिय बंधू' घातलं होतं. माझ्या हातून याहून वाईट काही लिहिलं गेलेलं मला आठवत नाही.

आणखी एक. प्रॉस्पेरो अँटोनियोला दोनदा माफ करतो. पहिल्यांदा तेव्हा, जेव्हा सगळे जादूच्या वर्तुळात जखडलेले असतात आणि त्यांना काही ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा जागेपणी. बहुतेक दिग्दर्शक पहिली क्षमा 'पुनरुक्ती' म्हणून उडवतात. उडवू नका. ती प्रॉस्पेरोची स्वतःशीच रंगीत तालीम आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला माफ करणं सोपं असतं. जागा झाल्यावर शब्द कसे कडवट होतात ते प्रेक्षकाला कळायला हवं, त्यासाठी आधीची क्षमा लागतेच.

आपल्या प्रेक्षकाची सवय वेगळी आहे, हेही खरं. आपण शाकुंतलावर वाढलो. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते संगीतात आणलं तेव्हापासून तर मराठी रंगभूमीच्या रक्तातच आहे. तिथे सातव्या अंकात दुष्यंत शकुंतलेच्या पाया पडतो आणि आपल्याला ते पटतं, कारण मध्ये दुर्वासांचा शाप आहे. दोष शापाचा, माणूस मोकळा. 'टेम्पेस्ट'मध्ये अँटोनियोला कुणाचाही शाप नाही. त्याने मध्यरात्री मिलानचे दरवाजे उघडले ते पूर्ण शुद्धीवर, नेपल्सशी खंडणीचा करार करून. इथे जादू आहे ती लुबाडलेल्याच्या हातात, आणि ती वादळ आणू शकते, लोकांना झोपवू शकते, मेजवानी गायब करू शकते, पण अँटोनियोचं मन बदलू शकत नाही. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी नाटक कळलं असं मी म्हणेन. बाकी अभ्यासकांचं काय मत असेल ते असो.

मग क्षमेचा क्षण कुठला? माझ्या मते तो अँटोनियोसमोर नाहीच. तो पाचव्या अंकाच्या सुरुवातीला एरियलबरोबर आहे. एरियल सांगतो की कैद्यांची अवस्था अशी झालीय की तुम्ही त्यांना पाहिलंत तर तुमचं मन द्रवेल. प्रॉस्पेरो विचारतो, तुला असं वाटतं? एरियल म्हणतो, माझं द्रवलं असतं महाराज, मी माणूस असतो तर. जो माणूसच नाही तो माणसाला हे सांगतो! तिथे थांबा. भरपूर थांबा. आमच्या दुसऱ्या प्रयोगात (हो, स्वगत काढून दुसरा प्रयोग केला, पदरचे पैसे घालून) आम्ही तिथे संगीत बंद केलं, पंखेसुद्धा बंद करायला सांगितले, आणि प्रॉस्पेरो नुसता एरियलकडे बघत राहिला. नंतरची 'सूडापेक्षा सद्गुण दुर्मीळ' ही वाक्यं त्याने अगदी खालच्या पट्टीत घेतली, स्वतःलाच पटवल्यासारखी. त्यानंतर पाचवा अंक आपोआप चालला.

आता तुमच्या नटाचं. "मला वाक्यच नाही" असं तो म्हणतो ना? आहे. एक आहे. तुमच्या संहितेत ते कापलेलं दिसतंय, मूळ बघा. क्षमा झाल्यावर प्रॉस्पेरोचा बेटावरचा गुलाम कॅलिबन आणि जहाजावरचे दोन दारुडे नोकर आत येतात. सेबॅस्टियन विचारतो, हे काय प्रकार आहेत, पैसे देऊन विकत मिळतील का? आणि अँटोनियो म्हणतो, मिळतील की, त्यातला एक तर सरळ सरळ मासा आहे, बाजारात खपेल. आयुष्यातल्या सगळ्या पापांची माफी मिळाल्यानंतर या माणसाच्या तोंडून निघालेले पहिले शब्द भाव-बाजाराचे! याच्यापुढे माझं दीड पानाचं स्वगत काय? मुलाला सांगा, आधी नुसतं उभं राहायचं, प्रॉस्पेरोकडे बघायचंही नाही, आणि हे वाक्य हसत हसत टाकायचं. हंशा येईल, येऊ द्या.

माझ्यासारखी दुरुस्ती करण्याचा मोह जुना आहे बरं का, तेवढाच मला दिलासा. लंडनमध्ये 1667 साली ड्रायडन आणि डॅव्हनंट या दोघा नाटककारांनी हे नाटक 'सुधारून' घेतलं, मिरांडाला एक बहीण दिली आणि अँटोनियोला आधीपासूनच पस्तावलेला केला. मूळ संहिता रंगमंचावर नीट परतायला 1838 उजाडलं, मॅक्रेडी या नटाच्या प्रयोगापर्यंत. म्हणजे आमच्या त्या कार्यालयातले गृहस्थ तेव्हाही होते तर.

बाकी किरकोळ, सुचेल तसं लिहितो. पहिल्या प्रवेशातल्या वादळात पत्रा इतका बडवू नका की खलाशांचे शब्दच बुडतील. "या लाटांना राजाच्या नावाचं काय घेणं?" हे तिथला नावाडी बोलतो, आणि ते ऐकू आलं नाही तर पुढची चार तासांची सत्तेची गोष्ट लंगडी होते. दुसऱ्या प्रवेशात प्रॉस्पेरो मिरांडाला सारखं "ऐकतेस ना?" विचारतो, ते कंटाळवाणं वाटून कमी करतात. त्यात त्याची स्वतःची चूक लपलीय, कारभार भावाच्या गळ्यात मारून हा पुस्तकांत बुडाला होता. ते बोलताना त्याला अवघडतंय, म्हणून तो सारखा तिला विचारतो. प्रॉस्पेरोचा जादूचा झगा एका झटक्यात उतरेल असा शिवा. आमचा गळ्याशी अडकला होता आणि मिरांडाने दातांनी गाठ सोडली. मेजवानी गायब करायला नाटकाच्या 1623 च्या पहिल्या छापील प्रतीत फक्त 'चतुर युक्तीने' एवढीच सूचना आहे, तेव्हा तुमच्या सुताराला मोकळं सोडा. आम्ही टेबलाची फळी बिजागरीवर उलटी केली होती.

शेक्सपिअरचे हक्क कुणाकडे नाहीत, पण मराठी अनुवादाचे असू शकतात. अनुवादकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं ते टिकतात, तेव्हा जुनं पुस्तक हाताशी आहे म्हणून सरळ प्रयोग लावू नका. मी वकील नाही, खात्री करून घ्या.

आणि पहिल्या अंकात फर्डिनंड 'मिलानच्या ड्यूकचा शूर मुलगा'ही बुडाल्याचं म्हणतो, म्हणजे अँटोनियोचा मुलगा. तो पुन्हा कधीही येत नाही, कोणी त्याचं नावही काढत नाही. तुमच्या नटाला हे सांगून बघा. आमच्याने दुसऱ्या प्रयोगात सगळं मौन त्यावर पेललं होतं, प्रेक्षकाला काही कळलं नसेल, पण त्याला उभं राहता आलं.

शेवटच्या प्रवेशात फर्डिनंड-मिरांडा बुद्धिबळ खेळताना दिसतात, आणि मिरांडा लाडात म्हणते, तुम्ही फसवताय. वीस राज्यांसाठी फसवलंत तरी मी त्याला रास्त म्हणेन, असंही म्हणते. बापाचं राज्य असंच गेलं होतं, हे बोलताना त्या पोरीच्या ध्यानातही येत नाही. हे वाक्य कापू नका. आणि पट उसना आणणार असाल तर सोंगट्या आधी मोजून घ्या. आमच्याकडे एक वजीर कमी होता आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ते मोठ्याने सांगितलं.