पांढरं दिसलं की थांब

चि.,
अनेक आशीर्वाद.

लँथनम हेक्झाबोराइडच्या (लँथनम आणि बोरॉनचं संयुग) नॅनोवायर, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारा, वाढवायच्या म्हणतोस, तर भट्टीआधी पाण्याचं बघ. कच्चा माल लँथनम क्लोराइड बहुतेक वेळा सात रेणू पाणी घेऊनच येतं. श्रावणात बाटली उघडी राहिली की त्याचा चिखलच. नुसतं तापवलंस तर त्याचं ऑक्सिक्लोराइड होऊन बसतं, ते पाण्यात विरघळत नाही. वजनाने जवळपास तेवढंच अमोनियम क्लोराइड मिसळ आणि आर्गॉन या निष्क्रिय वायूत हळूहळू 400 अंशांपर्यंत ने. मग त्यातली चिमूट पाण्यात टाकून बघ. गढूळ झालं तर ते वापरू नकोस.

पुढची कृती माहितीतली आहे: सिलिकॉनच्या चकतीवर काही नॅनोमीटर सोनं, 1150 अंशांच्या आसपास तापमान, लँथनम क्लोराइडची वाफ, बोरॉन ट्रायक्लोराइड आणि हायड्रोजन. क्वार्ट्‌झची नळी या तापमानाला फार टिकत नाही, अ‍ॅल्युमिनाची घे. ती मिनिटाला 3 अंशांपेक्षा वेगाने तापवू नकोस, तडकते. तालुक्याला लाइट कधी जाईल याचा नेम नाही. भट्टी थंडावली की आतला वायू आकसतो आणि बाहेर जाणारा वायू धुणाऱ्या बाटलीतलं कॉस्टिक सोड्याचं पाणी उलटं नळीत ओढलं जातं. मध्ये एक रिकामी बाटली जोडून ठेव. आणि कॉलेजात फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढणारं कपाट), गॅस डिटेक्टर नसेल तर बोरॉन ट्रायक्लोराइड आणूच नकोस. वाढवण्याचं काम नागपूरला सोय बघून कर.

आता खरी फसगत. चकतीवर पांढरा कापूस दिसला की पोरं खूश होतात. सोनं-सिलिकॉनचं मिश्रण 363 अंशांनाच वितळतं. नळीत थोडा जरी ऑक्सिजन शिरला तर चकतीतूनच सिलिकाच्या (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या) पांढऱ्या तारा उगवतात. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) त्याही तशाच लांब, बारीक. बोराइडचा थर जांभळट-काळसर असतो. एकदा लँथनम आणि बोरॉन न घालता भट्टी चालव. तरीही तारा आल्या तर गळती शोध.

ईडीएसने (एक्स-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी) दाखवलेल्या बोरॉनवर विसंबू नकोस. त्याचा किरण 183 इलेक्ट्रॉन व्होल्टचा, डिटेक्टरच्या खिडकीतच बराच शोषला जातो, शेजारी कार्बनचा गोंधळ वेगळाच. बोरॉन पाहायचाच तर ईईएलएसमध्ये (तारेतून जाताना इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतात ते मोजून) 188 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या कडेला पाहा. एक्सआरडीत (एक्स-किरण विवर्तनात) तांब्याच्या किरणांनी 21.4, 30.4 आणि 37.4 अंशांना शिखरं हवीत. (हाच पदार्थ एक्सआरडी यंत्र जुळवायलाही वापरतात, त्यामुळे मानक पावडर मागायला लाजू नकोस.) शेवटी टीईएममध्ये (आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) एकेका तारेचं विवर्तन घे. 4.16 अँगस्ट्रॉमचं अंतर मिळालं तर ती बोराइडची तार. कडेला एक-दोन नॅनोमीटरचा अस्फटिक थर दिसला तर घाबरू नकोस, हवा लागल्याने तो येतो. दहा-बारा तारा तरी तपास. एकाच सुंदर तारेचा फोटो घेऊन माझ्याकडे येऊ नकोस.