तुमचे प्रश्न: एथिक्स कमिटी कशासाठी?

मागच्या सदरात एथिक्स कमिटीचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या लोकांना ती तक्रारपेटी वाटते, उरलेल्यांना कोर्ट. दोन्ही नाही. मी म्हणते ती, उपचारात पेच पडला की घरच्यांना आणि डॉक्टरांना एकत्र बसवणारी समिती.

हॉस्पिटलने बिल फुगवलंय. एथिक्स कमिटीकडे जाऊ का? (हडपसर)

नको. आधी तपशीलवार बिल मागा, नाही पटलं तर महापालिकेचा आरोग्य विभाग गाठा.

हॉस्पिटलच्या बोर्डावर ‘एथिक्स कमिटी’ लिहिलंय. तिलाच भेटायचं ना? (सदाशिव पेठ)

बहुधा नाही. ती औषधांच्या चाचण्या तपासणारी, २०१९च्या नियमांखालची. उपचारातल्या पेचासाठी असते ती क्लिनिकल एथिक्स कमिटी, आणि ती सगळीकडे नसते. आयसीयूतल्या सोशल वर्करला विचारा.

वडील ८१ वर्षांचे, स्ट्रोकनंतर १९ दिवस व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणतात, आशा नाही, तुम्ही ठरवा. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, सगळं करा. आई आणि मी थकलोय. कमिटी निकाल देईल का? (कोथरूड)

निकाल देत नाही, एकत्र बसवते. पण १९व्या दिवशी? हा प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवशी विचारायचा असतो. तोवर ‘तुम्ही ठरवा’ म्हणून हात झटकणारे डॉक्टरही तितकेच दोषी. वैद्यकीय अंदाज त्यांनीच सांगायचा, त्याचं ओझं मुलीच्या डोक्यावर टाकायचं नाही.

बैठकीला उपचार करणारे डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर आणि उपचारांशी संबंध नसलेलं एखादं माणूस असतं. भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या. तिथे मी ‘तुम्हाला काय हवंय?’ असं कधीच विचारत नाही. ‘ते बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?’ एवढंच विचारते. अशाच एका बैठकीत सून हळूच म्हणाली, ‘काकांना नळ्या लावलेल्या बघून आले तेव्हा बाबा चपला काढता काढता म्हणाले होते, माझं असं करू नका.’ परदेशातला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, ‘मला कुणी सांगितलं का नाही?’

व्हेंटिलेटर काढायचं ठरलंच, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आणि २०२३मध्ये त्यात झालेले बदल लागू होतात. त्यानुसार डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती घ्यायची आणि मॅजिस्ट्रेटना कळवायचं. हे सगळं हॉस्पिटलचं काम आहे. आजच लेखी अर्ज देऊन बैठक मागा.

लिव्हिंग विलसाठी (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवायचं) एक एजंट ४,००० रुपये मागतोय. म्हणे कोर्टात जावं लागतं. (बिबवेवाडी)

लागायचं, २०२३पर्यंत. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा नमुना उतरवून काढू नका. आधी तासभर फॅमिली डॉक्टरांपाशी बसा, आणि मुलांना त्या खोलीतच बसवा.

कमिटीचं म्हणणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं का? (येरवडा)

नाही. पण ते केसपेपरवर लिहिलं जातं. लिहिलंय ना, एवढं बघून घ्या.