स्पॅनिशमध्ये ‘मी शाळेत कसा जातो’ हे कसं बोलायचं?

तुमचा मुलगा नुकताच स्पॅनिश शिकायला लागलाय आणि शाळेच्या प्रवासावर चार वाक्यं बोलायचीत म्हणताय ना, मग एकच वाक्य आधी घोटून घ्या, ‘बोय आ ला एस्कुएला एन आउतोबुस’, म्हणजे मी बसनं शाळेत जातो. लिहिताना व्ही असतो पण उच्चार ब सारखाच, म्हणून बोय.

आपण कसं बसनं, सायकलनं, रिक्षानं म्हणतो, तो ‘नं’ तिकडं ‘एन’ होऊन शब्दाच्या आधी येतो एवढंच, एन बीसी म्हणजे सायकलनं (स्पेनमध्ये बीथी म्हणतात). फक्त चालत जायचं असेल तर एन नाही, ‘आ पिए’, इथं सगळेच चुकतात. ‘मी’साठी यो आहे पण तो गाळतात, आपण ‘शाळेला जातो’ म्हणतो तसंच की. समोरच्याला विचारायचं तर ‘कोमो बास आ ला एस्कुएला?’

बस पकडतो म्हणायला स्पेनमध्ये ‘कोहेर’ वापरतात, पण मेक्सिको अर्जेंटिनात तो शब्द अश्लील होतो, त्यामुळं पोराला पहिल्यापासून ‘तोमार’च शिकवा, सगळीकडं चालतं.

माझ्या भाचीला मी कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये बिंदू चौकापासून रोज हेच बोलायला लावायचो, शेवटी ‘तार्दो बेइन्ते मिनुतोस’, मला वीस मिनिटं लागतात, हे ती रंकाळा यायच्या आत न अडखळता म्हणायला लागली, लई भारी वाटलं!